कॅमेरा बंद करू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घरून काम करणाऱ्यांच्या थकव्यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. दोन मीटिंगांच्या मधे पुळणीवर फेरी मारा, असा सल्ला त्यात आहे. पुळण माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. पण शुक्रवारी साडेनऊ ते दीड मला लागोपाठ ४ मीटिंगा होत्या, आणि आमच्याकडे रेंज येते ती फक्त माडीवरच्या एका खिडकीपाशी. तिथून हललं की आवाज तुटतो. फेरी मारायची कधी?

गेल्या आषाढात वानरांनी कौलं फोडली आणि माजघरात धार लागली. मी खिडकीत, कॅमेरा चालू ठेवायची सक्ती. खालून आईने दोनदा हाक मारली. माझी बोलायची पाळी जवळ आली होती, म्हणून उठले नाही. ७१ वर्षांची आई घमेलं लावायला स्वतःच स्टुलावर चढली आणि पडली. मनगट मोडलं. मी धावले, तर मागून साहेबांचा मेसेज : कॅमेरा का बंद? दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ऐकवलं, 'घरून काम म्हणजे घरकाम नव्हे.' त्या मीटिंगमध्ये मला जे सांगायचं होतं, ते दोन ओळींच्या मेलमध्ये मावलं असतं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्येच व्हिडिओ मीटिंगांमुळे येणाऱ्या थकव्याची कारणं मांडली आहेत : जवळून रोखलेल्या नजरा, सतत दिसणारा स्वतःचाच चेहरा, एका चौकटीत जखडून बसणं, साधी मान डोलावणंही मुद्दाम करून दाखवणं. स्वतःचा चेहरा फक्त आपल्याच पडद्यावरून लपवायची सोय मला भाचीने दाखवली. त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी डोकं दुखलं नाही. पण नुसत्या आवाजावर बोलायची मुभा साहेबांनीच द्यायची असते. त्यांना उद्देशून लेखात एक अक्षर नाही. सगळे उपाय आम्हीच करायचे, हे मला पटत नाही.

आणखी एक. पावसात वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरीही उतरते, सगळा गाव मुका होतो आणि आमची रजा लागते. तारांवर आलेल्या फांद्या मे महिन्यातच का तोडल्या जात नाहीत, यावर आपण एकदा लिहावं, ही विनंती.

– एक वाचक, ता. गुहागर