चाचा, तुमचे दोन ट्रे अजून आमच्याकडेच आहेत

गिरगाव, मुंबई
28 डिसेंबर 2025

चाचा, सलाम.

पत्र मराठीत लिहितेय. तुमचा नातू मराठी शाळेत आहे, तो वाचून दाखवेल. जोडाक्षरांना अडखळला तर रागावू नका, मी शिक्षिका असून सांगते, तिसरीत सगळेच अडखळतात.

खरं तर तुमच्या बेकरीत येऊन दोन शब्द बोलता आले असते. पण तुमच्याकडे आभार मानायला आलं की तुम्ही हातात खारीची पिशवी देता आणि विषय बदलता. शिवाय गेल्या रविवारी आमच्या गल्लीत जो आला त्याने एकच विचारलं, "थाळी स्वीट कोणाकडून आणलं?" थाळी स्वीट म्हणजे आमचा थाळीत भाजलेला रव्या-नारळाचा गोड पदार्थ. मी म्हणायचे, "भट्टीवरून." कोणाचा विश्वास बसेना. लाकडाची भट्टी तर पावसाळ्याआधीच गेली, हे सगळ्या गिरगावाला माहीत. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

नव्या लोकांसाठी थोडं मागचं सांगते. तुम्ही तेवढा वेळ चहा घ्या.

आम्ही ईस्ट इंडियन. दर नाताळात कोणीतरी विचारतंच, "म्हणजे गोव्याचे का?" नाही हो. इथलेच. मुंबई, साष्टी, वसईचे, मराठी बोलणारे ख्रिस्ती. हे इंग्रजी नाव आमच्या लोकांनी 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. नोकऱ्यांसाठी गोव्या-मंगळूरकडून ख्रिस्ती लोक मुंबईत येत होते, त्यांच्यात आणि इथल्यांत फरक कळावा म्हणून. नाव घेताना पश्चिम किनाऱ्यावर राहून आपण 'ईस्ट' कसे, हे कोणाला खटकलं नसावं. मला अजून खटकतं. खोताची वाडी आमच्यापासून चार पावलांवर. एका पाठारे प्रभू खोताने तिथल्या जमिनीचे तुकडे आमच्या लोकांना विकले आणि लाकडी व्हरांड्यांची, बाहेरून जिन्याची घरं उभी राहिली. एकेकाळी 65 होती म्हणतात. आता निम्मीही नाहीत.

या घरांत मोठा ओव्हन कुठे असणार? चुली होत्या, मग स्टोव्ह आले, मग गॅसच्या शेगड्या. कुलकुल, नेवऱ्या, फुग्या हे सगळं तळणीचं, ते घरी व्हायचं. मिल्क क्रीम, मार्झिपान कढईत आटायचं. पण केक आणि थाळी स्वीट भाजायचं ते भट्टीवरच. दिवाळीत शेजारच्या चाळीतल्या काकू नानकटाईचे ट्रे डोक्यावर घेऊन ज्या भट्टीवर जायच्या, त्याच भट्टीवर दोन महिन्यांनी आमची केकची टिनं. दुपारचा पाव निघाला की भट्टीचा ताव उतरायला लागतो, आणि उतरता ताव केकला मानवतो, हे मला लहानपणी आईने नाही, तुमच्या वडिलांनी सांगितलं. ते मूठभर मैदा भट्टीच्या लादीवर फेकायचे आणि तो किती वेळात लाल होतो ते बघून म्हणायचे, "अभी नहीं." आम्ही पोरं टिनं सांभाळत बाकड्यावर बसून राहायचो. चिठ्ठी जळून जायची म्हणून प्रत्येक घराची खूण पिठावरच असे. कोणाचा चार मनुकांचा चौकोन, कोणाचा बदाम उभा. आमचे तीन काजू, एका ओळीत.

मग या जानेवारीत उच्च न्यायालयाचा आदेश आला: मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्या. पालिकेने आधी वर्षभराची मुदत ठेवली होती, कोर्टाने ती अर्ध्यावर आणली. तुम्ही तेव्हा गप्प होतात. मी मात्र तुमच्या दुकानात उभी राहून मोठ्याने म्हणाले होते की बरं झालं, आणि तुमच्या कारागिरांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरलेले नाही. आजही माझं मत तेच आहे. पाडलेल्या चाळींचे वासे, रंग दिलेल्या खिडक्या, प्लायवूडची कपाटं, सगळं स्वस्तात मिळतं म्हणून भट्टीत जायचं आणि तो धूर आमच्या तिसऱ्या मजल्यावर आईच्या खाटेपर्यंत यायचा. आईला दमा आहे. धुराची आठवण गोड वाटावी इतकी मी अजून म्हातारी झालेली नाही. पण गॅसच्या नव्या मशीनचे हप्ते कोण भरतंय, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. ते विचारायला हवं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी आले, तर भट्टीच्या तोंडाच्या जागी स्टीलचं उंच कपाट. आत ट्रॉली फिरते, पंखा गरम हवा फेकतो. पाव एकसारखा निघतो, मान्य, पण खालची ती काळसर खरपूस लादी गेली. मी टिनांचं विचारलं तर तुम्ही मान हलवलीत. "टीचर, इसमें भट्टीवाला हिसाब नहीं चलेगा. आपका माल खराब होगा, फिर आप बोलोगे चाचा ने किया."

मला राग आला, खोटं का बोलू. घरी येऊन आईला सांगितलं. ती 84 वर्षांची आहे, दोन वर्षं खाली उतरलेली नाही. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, माझी थाळी बिघडली तर मी खाईन." एवढंच. आईचा निरोप मी तुम्हाला हसत हसत सांगितला, आणि तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "अम्मा का है तो मंगल को लाओ. एक ही."

त्या मंगळवारपासून जे झालं, त्यासाठी हे पत्र.

पहिली थाळी वरून करपली आणि आत रव्याची लापशी राहिली. आमचं थाळी स्वीट हे हट्टी प्रकरण आहे. रवा, नारळ, अंडी, साखर, लोणी, थोडं गुलाबपाणी. रवा फुगायला पीठ आधी बराच वेळ ठेवावं लागतं आणि भाजताना त्याला सावकाश, खालून येणारी ऊब लागते. पंख्याची हवा वरून लागली की कवच धरतं आणि आतली वाफ अडकते. दुसऱ्या खेपेला तुम्ही खाली पाण्याचा ट्रे ठेवलात, तर कड ओली राहिली. तिसऱ्या खेपेचा रवा, नारळ, अंडी तुम्ही स्वतःच्या पैशाने आणलीत. हे मला तुमच्या पोऱ्याने सांगितलं, त्याला ओरडू नका. त्या रात्री शेवटचा पाव निघाल्यावर तुम्ही बर्नर बंद केलात, मशीनची ऊब उतरू दिलीत, थाळी दोन ट्रेंवर ठेवून वर तिसरा ट्रे उपडा घातलात, म्हणजे वारा अंगावर यायला नको, आणि मग मंद आचेवर सव्वा तास. साडेअकराला फोन आला. "टीचर, नीचे आओ."

मी गाऊनवर शाल घेऊन खाली आले. सुरी घातली, ती कोरडी बाहेर आली. तुम्ही काही बोलला नाहीत, ट्रे पुसायला लागलात.

मग शुक्रवारी तुमच्या दुकानाच्या शटरवर पाटी लागली: 'घर का केक शनिवार रात, रविवार रात.' हिंदीत, आणि खाली नातवाने मराठीत लिहिलेलं, 'घरचा केक'. रात्रीचं जागरण तुमचं, कारण दिवसा पावाची पाळी. भाव टिनामागे गेल्या वर्षीचाच. गॅसचं बिल कोणाच्या खिशातून गेलं, याचा हिशोब मी अजून मागतेय आणि तुम्ही अजून टाळताय.

20 तारखेचा शनिवार मी आयुष्यभर सांगेन. माझी बहीण मरोळ गावठाणात असते. तिकडे कोणी टिनं घेईना, तर ती तीन डबे पीठ घेऊन मरोळ नाक्याला मेट्रोत चढली आणि थेट गिरगावात उतरली. गिरगावचं स्टेशन ऑक्टोबरमध्ये सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे त्या उत्खननाला शिव्या देऊन दमलो होतो. त्या दिवशी बहिणीने सगळं माफ केलं. फक्त तपासणीच्या यंत्रापाशी तिला डबा उघडायला लावला. शिपाईबाईंनी वास घेतला आणि विचारलं, "शिरा आहे का?" बहीण म्हणाली, "होणार आहे."

तुमच्या दुकानाबाहेर रात्री नऊला रांग. मी मोजली, पहिल्या रात्री 31 टिनं. डिकॉस्टा-परेरांची नाही फक्त. चाळीतल्या दोन काकू नानकटाई घेऊन आल्या होत्या, दिवाळीत राहून गेली म्हणून. रम घातलेल्या केकची टिनं तुम्ही आजवर कधी नाकारली नाहीत, तो ट्रे मात्र वेगळा ठेवता, तो यंदाही वेगळा होता. कोणी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात.

घोटाळा झाला तो तीन काजूंचा. तुमच्या नातवाने (चाचा, हे तो वाचतोय, इथे थांबेल बघा) आमच्या थाळीवरचा एक काजू काढून खाल्ला. दोन काजू ही समोरच्या बिल्डिंगमधल्या आंटींची खूण. त्यामुळे आमची थाळी त्यांच्या घरी आणि त्यांची आमच्याकडे. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "ही जायफळ घालते." साठ वर्षं त्या दोघी एकमेकींपासून कृती लपवतात. यंदा दोघींनाही कळली. आता आई रोज म्हणते की जायफळ वाईट नाही लागत, आणि आंटींनी निरोप पाठवलाय की गुलाबपाणी जास्त झालं होतं.

रविवारचं तुम्ही पाहिलं नाहीत, तुम्ही झोपला होतात, म्हणून सांगते. गल्लीच्या तोंडाशी पोरांनी गव्हाणी मांडली. भाताचं तूस, विटा, आणि मेंढरांत एक प्लास्टिकचा वाघ, कारण एका छोट्याचा हट्ट. गणपतीच्या मंडळाने दिव्यांच्या माळा दिल्या; मोदकाच्या आकाराचे दोन दिवे त्यातून निघाले नाहीत, ते तसेच लागले. दिवाळीचे कंदील आमच्याकडे कोणी उतरवत नाही, त्यांच्याच शेजारी चांदण्या टांगल्या. संध्याकाळी सहाला सगळ्यांनी व्हरांड्यात टेबलं काढली. मिल्क क्रीम, पेरूचं चीज, कुलकुल, नेवऱ्या. मी फुग्या तळत होते. मुठीतून अंगठ्याशी पीठ दाबून तेलात सोडायचं, ते ज्याला जमत नाही त्याने करू नये. माझ्या भाच्याने केलं आणि फुग्यांना शेपट्या आल्या. मध्यभागी मोठ्या टेबलावर भट्टीचा माल. पहिल्या अर्ध्या तासात थाळी स्वीटच्या सगळ्या वड्या संपल्या. कॅरल म्हणायला उभी राहिलेली पोरं तोंडात घास असल्यामुळे पहिलं कडवं चुकली.

आईला आम्ही खुर्चीसकट खाली आणलं. चौघांनी उचललं, तिसऱ्या मजल्यावरून, त्या लाकडी जिन्यावरून. दोन वर्षांनी ती गल्लीत बसली. लोक तिला भेटत होते आणि ती प्रत्येकाला एकच सांगत होती, की बघा, माझी थाळी मशीनमध्ये होत नाही म्हणाले होते.

24 तारखेला सेंट तेरेसा चर्चमधून आल्यावर शेवटची थाळी कापली. त्यातल्या बारा वड्या, बिनारमच्या, तुमच्या घरच्यांसाठी डब्यात आहेत. तुमच्याकडे पाठवल्या होत्या, पोऱ्या म्हणाला चाचा गावाला गेले. परत आलात की डबा फ्रीजमधून काढून देते. टिकतं ते, आठ-दहा दिवस तरी.

आणखी एक. मशीनचे हप्ते चालू आहेत हे आता गल्लीला कळलंय. पुढच्या वर्षीपासून टिनाचा भाव आम्ही ठरवणार, तुम्ही नाही. मीटिंग झाली, ठराव झाला, आंटींनी आणि आईने दोघींनी हात वर केला, साठ वर्षांत पहिल्यांदाच एका बाजूने.

तुमचे दोन ट्रे आमच्याकडे राहिलेत, उपडा घालायचा तो आणि त्याच्या खालचा. घासून ठेवलेत. बुधवारी 31 ला पोरं 'म्हातारा' जाळतील. वर्ष संपलं की जुने कपडे घालून पुतळा करायचा आणि पेटवायचा, तुम्हाला माहीतच आहे. दरवर्षी त्याच्या पोटात भरायला तुमच्याकडून लाकडाच्या ढलप्या आणायचे. यंदा ढलप्या नाहीत, तेव्हा मैद्याच्या रिकाम्या गोण्या मागायला येतील. दोनच द्या. जास्त दिल्या तर ते म्हातारीही करतील.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची टीचर
(तीन काजूवाली)