डोळ्यावर स्टेथोस्कोप ठेवून पाहा

महोदय,

मोटारसायकल अपघाताच्या बातमीत ‘डोक्याला मार, प्रकृती स्थिर’ असं वाचलं की मला धस्स होतं. माझा मुलगा असाच फलटणजवळ घसरून पडला. हेल्मेट नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. कपाळाला पाच टाके घालून घरी पाठवलं.

तीन आठवड्यांनी त्याचा उजवा डोळा लालभडक झाला. डोळे आलेत म्हणून थेंब मिळाले. दुसऱ्या डॉक्टरांनीही थेंबच बदलून दिले. महिना गेला. डोळा पुढे येऊ लागला, एकाचे दोन दिसू लागले. “आई, डोक्यात गिरणी चालल्यासारखा आवाज येतो,” म्हणायचा. अपघाताचा धसका घेतलाय, असं आम्ही समजलो. एका रात्री त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कपाळाला माझा कान लागला आणि तो आवाज मला ऐकू आला. सूं... सूं... मनगट धरलं, तर नाडीच्या ठोक्याबरोबर!

पुण्यातल्या डॉक्टरांनी मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि लगेच अँजिओग्राफी सांगितली. डोळ्यामागे मेंदूकडे जाणारी मोठी धमनी एका शिरेच्या पोकळीतून जाते. माराने धमनीला तिथं भोक पडलं होतं. जोराचं रक्त शिरेत घुसून उलटं डोळ्याकडे येत होतं. कवटी उघडावी लागली नाही. जांघेतून बारीक नळी थेट डोक्यापर्यंत नेली आणि प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरून ती वाट बंद केली. शुद्धीवर येताच तो म्हणाला, “आवाज थांबला.”

लाली ओसरली. त्या डोळ्याची नजर मात्र अधूच राहिली.

पूर्वी यासाठी मानेतली धमनीच बांधून टाकत. मॉस्कोच्या डॉ. सर्बिनेन्को यांनी नळीच्या टोकाला फुगा लावून अशी भोकं बुजवण्याची रीत 1974 साली जगापुढे मांडली. पन्नास वर्षांची विद्या हाताशी असताना माझ्या मुलाचा महिना थेंबांत गेला, हे मला सोसवत नाही.

माझी मागणी छोटी आहे. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत छापा : ‘पुढच्या काही आठवड्यांत डोळा लाल झाला, पुढे आला, दोन-दोन दिसू लागलं किंवा डोक्यात नाडीबरोबर आवाज येऊ लागला, तर थेंबांवर थांबू नका, ताबडतोब या.’

– एक आई, निवृत्त अंगणवाडी सेविका, फलटण