शनिवारची बैठक : विषय दिलीप प्रभावळकर

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता सोसायटीच्या तळमजल्यावरील हॉलमध्ये आपली मासिक बैठक आहे. 'ठीक ६' म्हणजे ६ च. मागच्या खेपेला साडेसहाला चहाच चालू होता.

या वेळी दिलीप प्रभावळकर. दूरदर्शनवरचा चिमणराव, 'हसवाफसवी'त एकट्याने रंगवलेल्या सहा भूमिका (नाटकही त्यांनीच लिहिलेलं), 'चौकट राजा'तला नंदू, 'झपाटलेला'तला तात्या विंचू, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबा आणि 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. हा माणूस एका साच्यात बसतच नाही, म्हणून प्रत्येकाने एकच भूमिका निवडून पाच मिनिटं बोलायचं.

- निवडलेली भूमिका गुरुवारपर्यंत सचिवांना कळवा. तात्या विंचू आधीच तिघांनी मागितलाय, आता पुरे!
- 'हसवाफसवी'तल्या कृष्णराव हेरंबकरांवर कुणी बोललं तर फार बरं होईल.
- नक्कल चालेल, पण आधी मुद्दा, मग नक्कल.
- प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकाची प्रत असेल त्यांनी आणावी. 'टिपरे' मालिका त्याच पुस्तकावरून झाली. प्रतीवर नाव घालायला विसरू नका.

मुलांना जरूर आणा. खुर्च्या मोजक्याच आहेत, तरुणांनी सतरंजीवर बसावं.

– सचिव