पाचवा नंबर

पुणे, अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय मध्या,

फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोनवर अर्ध्यातच हसायला लागतोस आणि माझा मुद्दा राहतो तो राहतोच. हा राहून चालणार नाही. शिवाय गोष्ट बांधापलीकडच्या सुऱ्याची आहे, आणि सुऱ्याचं नाव काढलं की आमच्या घरात सगळ्यांचे कान टवकारतात. म्हणून कागद.

तब्येत बरी. शुगर होती तिथेच आहे. आईचे गुडघे तसेच.

तर, गावच्या घराला मी अलार्म बसवला. चोर शिरला की बोंबलणारा. हस. हसून झालं की पुढे वाच.

शिमग्यानंतर वरच्या आळीतलं ते बंद घर फोडलं, तुला कळलंच असेल. हंडे, समया, घंगाळं, आणि जाता जाता मोरीचा पितळी नळसुद्धा. आई म्हणाली, "माझ्याकडे काय ठेवलंय?" पण रात्री उठून कड्या चाचपायला लागली. दिवेआगरचं अजून तिच्या डोक्यातून गेलेलं नाही. मार्च २०१२ मध्ये सुवर्णगणेश गेला, पहाऱ्यावरचे दोघे जिवानिशी गेले. २०२१ मध्ये मुखवटा नव्याने घडवून बसवला तेव्हा आई दर्शनाला जाऊन आली. येताना एवढंच म्हणाली, "सोनं परत येतं रे."

तू म्हणशील, एक भोंगा टांगायचा, त्यात एवढं काय? पण आमचं घर आता एक राहिलेलं नाही. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, मागची पडवी आणि स्वयंपाकघर गेलं आणि तिथे स्लॅबचं बांधकाम आलं. ते चालू असताना मी भिंतींतून रिकामे पाइप टाकून ठेवले होते. "कशाला?" असं तू विचारलंस, मी "उद्या लागतील" म्हटलं, आणि तू म्हणालास, "तुझं उद्या म्हणजे पंचांगात नसलेला दिवस." तो दिवस उजाडला रे. त्या पाइपांतून चार तारांची केबल सरसर निघाली. पुढची बाजू मात्र जुनीच: ओटी, माजघर, देवघर, माळा. जांभ्यात ड्रिल घातलं की नुसता भुगा पडतो आणि गिट्टी धरत नाही. देवघराच्या सागवानी चौकटीला पट्टी मारू म्हटल्यावर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी ड्रिल खाली ठेवलं. म्हणून मागे वायर, पुढे बिनवायरचं, आणि दोन्हींचं ऐकणारं एकच पॅनेल. याला हायब्रीड म्हणतात. सगळं बिनवायरचं घेतलं असतं तर पटकन झालं असतं, पण दर सेन्सरात सेल, आणि ते सेल बदलायला माळ्यावर कोण चढणार? आई?

पप्या आला होता मदतीला. बोर्लीहून, त्याच त्या सायलेन्सर नसलेल्या गाडीवर. हात चांगला आहे त्याचा, घाई वाईट. पॅनेलबरोबर छोट्या पिशवीत रेझिस्टर येतात, म्हणजे वीज ठरावीक मापाने अडवणारे बारके तुकडे, ते त्याने सगळे पॅनेलच्याच स्क्रूखाली पिळून टाकले. म्हणाला, "दादा, स्क्रीनवर सगळं नॉर्मल दाखवतंय." दाखवणारच! मी त्याला मागच्या दाराशी नेलं, दाराकडे जाणाऱ्या दोन तारा सोलून एकमेकींना टेकवल्या आणि दार सताड उघडलं. पॅनेल तरी नॉर्मल. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग रेझिस्टर तिथून काढून दाराच्या चौकटीत, लोहचुंबकवाल्या स्विचच्या पोटात बसवला. आता तार तोडली तर पॅनेलला काहीच दिसत नाही, तारा जोडल्या तर शून्य दिसतं, आणि मधला ठरलेला आकडा दिसला तरच सगळं ठीक. उंदराने कुरतडली तरी कळेल. पप्या म्हणाला, "म्हणजे शेवटाला कोणीतरी बसवून ठेवायचा, हजेरी द्यायला." मला हे इतकं नेमकं कधीच सांगता आलं नसतं.

बिनवायरच्यांनी वेगळाच छळ मांडला. पॅनेल आधी माजघरात आईच्या लोखंडी कपाटामागे लावलं, दिसू नये म्हणून. ओटीवरचा सेन्सर पंधरा पावलांवर, तरी सिग्नलची एकच दांडी. कपाटाचा पत्रा मध्ये आणि जांभ्याच्या दीडफुटी भिंती. पॅनेल हलवून पोटमाळ्याच्या जिन्याशी उंचावर नेलं तेव्हा कुठे दांड्या भरल्या. त्या मे महिन्यात, कोरड्या भिंतीत. जुलैत भिंती भिजल्या आणि एक दांडी परत गळाली. कोकणात पावसाळ्यात माणसांचाही आवाज भिंतीपलीकडे जात नाही म्हणा.

माळ्यावरचा सेन्सर दुपारी मी त्याच्यापुढे नाच केला तरी ढिम्म. तो अंगाची ऊब आणि मागची भिंत यांतला फरक बघतो. मे महिन्यात कौलांखाली दुपारी तीनला माझं अंग आणि वासे एकाच तापमानाला. रात्री त्याच जागी हात हलवला तर लगेच लाल दिवा. चोर दुपारी कौलं काढून उतरणार नाही या भरवशावर तो तसाच आहे. बोकोबा वाशांवरून फिरतो ते वेगळं. सेन्सर मांजर चालतो असं लिहून येतो, पण ते मांजर जमिनीवर असेल तर. हे मांजर त्याच्या नाकासमोरून जातं.

आईला शिकवणं हा स्वतंत्र ग्रंथ आहे. रात्री पुढची बाजू आणि माळा चालू, मागचा बोळ बंद, कारण तिला न्हाणीघरात जायचं असतं आणि पहाटे बंब पेटवायला मागचं दार उघडायचं असतं. हे तिने दोन मिनिटांत उचललं. मग मी तिला धाकाचा कोड सांगितला. कोणी गळ्याला सुरी लावून बंद कर म्हणालं, तर नेहमीच्या कोडच्या शेवटच्या आकड्यात एक मिळवून दाबायचा. भोंगा गप्प होतो, पण आम्हाला निरोप जातो. आई म्हणाली, "सुरी गळ्याला असताना मी बेरीज करू?" कोड इथे लिहीत नाही, पत्र वहिनी वाचतात. तुला ओळखता येईल. नववीत कदम सरांनी ज्यावरून मला उठवलं, तोच.

आता खरा मुद्दा. पॅनेलमध्ये सिम असतं. (टूजीचं मशीन, आणि जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे पप्याने हौसेने आणलेलं सिम परत गेलं.) भोंगा वाजला की ते ओळीने पाच नंबरांना फोन लावतं. पहिला माझा. ताम्हिणी उतरून मी पोचेपर्यंत चार तास, चोर तोवर मुंबईत जेवून झोपलेला असेल. दुसरा ताईचा, डोंबिवली. तिचं बीपी चढेल, दुसरं काही होणार नाही. तिसरा पप्या. रात्री दहानंतर त्याने फोन उचलला तर तो पप्या नव्हे. चौथे पोलीस पाटील, माणूस भला, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि हातात काठी. पाचव्या जागी मी किती वेळ बोट धरून बसलो होतो. आळीतली घरं डोळ्यांपुढे आणत होतो, एकेक. कुलूप, कुलूप, गणपतीपुरतं उघडतं, कुलूप, विकलं, कुलूप. भोंगा ११० डेसिबलचा आहे मध्या, समुद्रापर्यंत जाईल. त्याच्या टप्प्यात रात्री माणूस झोपलेला असतो तो एकाच घरात, सुऱ्याच्या. आणि त्या घराचा नंबर माझ्याकडे नाही.

जमिनीच्या मोजणीच्या दिवशी तू तिथेच होतास. बाबांनी दगडावर उभं राहून सुऱ्याला काय सुनावलं ते तू ऐकलंस. "हा बांध पुन्हा ओलांडलास तर तंगडं मोडीन." दोन हात जागेसाठी, ज्यात एक पोफळ धड उभी राहत नाही. संध्याकाळी तू मला म्हणालास, "तुझे बाबा चुकले", आणि मी तुझ्याशीही बोलणं टाकलं. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही हं. बोलण्यात तथ्य होतं, वेळ चुकली होती. बाबा गेले तेव्हा सुऱ्या आला, आठवतं? बांधावरून तीस पावलं. तो खालच्या पाखाडीने सगळा वळसा घालून आला, खांदा दिला, आणि त्याच वळशाने गेला.

जुलैत एका रात्री भोंगा वाजला. ओटीवरच्या सेन्सरच्या भिंगावरून पाल गेली असावी. समोरून चालली की तिची त्याला माणसाएवढी आकृती होते. (शंकेची पाल म्हणतात ती हीच.) मला फोन आला, मी आईला लावला, आईने बंद केला, अर्ध्या तासाने पोलीस पाटील आले. "कोणी आलं होतं का?" विचारलं तर आई म्हणाली, "कोण येणार?" तिच्या आवाजावरून मला काहीतरी कळायला हवं होतं.

गणपतीला गेलो तेव्हा पालीचा बंदोबस्त केला, सेन्सर जरा खाली तिरका घेतला, फटीत सिलिकॉन भरलं. वेळ ताडून बघायला पॅनेलची नोंदवही उघडली. अलार्म बंद असतानाही दारं कधी उघडली ते त्यात राहतं, मीच तसं ठेवलं होतं. भराभर मागे जात होतो आणि एक ओळ सारखी यायला लागली. झोन सहा, मागचं दार, दुपारी अडीचच्या सुमारास. पुन्हा चारच्या सुमारास. आदल्या दिवशी तेच. त्याच्या आदल्या दिवशी तेच. पाऊस असो नसो. त्या वेळेला आई आडवी झालेली असते, निदान मला तसंच सांगते. मागच्या दाराची टिंग तिने पप्याकडून बंद करून घेतली होती, ते तेव्हा आठवलं. मी तर आवाजाचा त्रास होतो म्हणून समजत होतो. मध्या, माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही.

गौरी गेल्या, पाहुणे पांगले. अडीच वाजता मी माजघरात पेपर तोंडावर घेऊन पडलो. दार वाजलं. हलक्या हाताने, सवयीच्या. उठून बघतो तर नमाकाकू. सुऱ्याची आई. पदरात कापूस, हातात पानाचा डबा. बांधाला वरच्या अंगाला फणसाशी जी खिंड आहे, तिच्यातून येते ती. दोघी भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या आणि वाती वळायला लागल्या. आईने मला पाहिलं, तिची मांडीवरची वात थांबलीसुद्धा नाही. "काय बघतोस? तुमची मोजणी झाली तेव्हापासून येते ती. तुला मशीन आणून आत्ता कळलं."

मी काय बोलणार? चहा टाकला.

काकू कपात बघत म्हणाली, "त्या रात्री सुऱ्या आला होता हो. भोंगा ऐकून कोयता नि बॅटरी घेऊन धावला. मीच म्हटलं जा. पण बांधाशी थांबला. तुझ्या बाबांचं बोलणं." आई बंद करेपर्यंत तो तिथेच उभा होता. नंतरही, पाटील येऊन घरातला दिवा मालवेपर्यंत. आईला माहीत होतं. तिला माजघराच्या खिडकीतून बॅटरी दिसत होती. सांगितलं नाही. का, विचारलं तर म्हणे, "सांगून तू काय करणार होतास? भांडायला आला असतास."

तेव्हापासून झोप उडाली आहे. नंबर आईकडे असणार, ती देत नाही, म्हणते "तू माग". मी कसा मागू? मी फोन केला तर तो पहिल्या शब्दाला "बोला" म्हणेल. 'बोल' नाही, 'बोला'. ते मला ऐकवणार नाही. आणि नुसत्या नंबराने भागत नाही ना. तो धावत आला, दार आतून बंद, आई पडलेली, तर? म्हणजे त्याला मागच्या दाराची किल्ली द्यायला हवी आणि त्याच्या नावाचा वेगळा कोड घालायला हवा. जागा आहे, पॅनेलमध्ये आणखी कोड घालता येतात. पण बाबांच्या घराचा कोड सुऱ्याकडे! बाबा असते तर काय म्हणाले असते हे मी मनात इतक्यांदा बोलून पाहिलंय की आता ते दर वेळी वेगळंच बोलतात. ताईला विचारलं तर म्हणाली, घाल की, त्यात काय. ती मोजणीला नव्हती. तू होतास.

शिवाय वेळ कमी आहे. पॅनेलच्या पोटात १२ व्होल्टची ७ एएचची बॅटरी आहे, वीज गेली तर दिवसभर रेटेल, जुनी झाल्यावर तेवढंही नाही. वादळात वीज दिवसेंदिवस येत नाही आणि टॉवरही झोपतो. मग माझ्या सगळ्या वायरी भिंतीतच राहतील आणि आई एकटी. तेव्हा बांधापलीकडून कोणी यायचं असेल तर ते फोनशिवाय यायला हवं.

तर तू दिवाळीत जाणार आहेसच, सुऱ्याकडे उतरतोस हे मला माहीत आहे, लपवू नकोस. त्याला सांग की बांध ओलांडायला माझी ना नाही. नको, 'ना नाही' म्हणू नकोस, मी परवानगी देतोय असं वाटेल. तूच काय ते नीट जुळव. आणि त्याचा नंबर आण. त्याने स्वतः सांगितलेला आण, तुझ्या मोबाइलमधला नको.

चिनूच्या ॲडमिशनचं काय झालं? झालं असेल तर पेढे, नसेल तर माझ्या साडूंना विचारून बघतो. वहिनींचं थायरॉइड आटोक्यात असेल. नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला का? मिळाला असेल तर प्लास्टर व्हायच्या आत रिकामे पाइप टाकून घे, माझं ऐक.

तुझा,
अन्या

ता. क. पाचांत तुझा नंबर का नाही म्हणून फुगू नकोस. तू रात्री फोन फ्रीजवर ठेवून झोपतोस. माझ्या लग्नाच्या आदल्या रात्रीही ठेवला होतास.