दार कुठल्या बाजूला उघडतं?

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो आईने मोठा करकरून पाहिला. न्यूयॉर्कमधली तुझी लॅब नेमकी ट्रँगल कारखान्याच्या आगीच्या इमारतीत आहे हे मला माहीत नव्हतं. ‘बाबा, ही तर तुमच्या खात्यातली केस’ असं तू खाली लिहिलंस, आणि पुढे ‘किती वाईट अपघात!’ त्या अपघात शब्दावर मी दोन दिवस अडकून बसलोय. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहितो.

२५ मार्च १९११, शनिवार. बायकांचे ब्लाउज शिवणारा ट्रँगल कारखाना तुमच्या इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर होता. सुटायला पाचेक मिनिटं उरली असताना आठव्यावर, कटिंग टेबलाखालच्या कात्रणांनी पेट घेतला. चिंधीवाल्याने जानेवारीपासून ती उचललीच नव्हती. दहाव्या मजल्याला फोन गेला. तिथे मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हे मालक होते, ते गच्चीवरून निसटले. शेजारच्या इमारतीतून तुझ्याच विद्यापीठाच्या लॉ कॉलेजच्या पोरांनी शिड्या टाकल्या होत्या. नवव्याला मात्र कुणी कळवलंच नाही. ग्रीन स्ट्रीटकडच्या जिन्यात आग, वॉशिंग्टन प्लेसकडच्या दाराला कुलूप. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला. बंबाची शिडी सहाव्या मजल्याशी संपली. १४६ जीव गेले, त्यात १२३ बायका-मुली. बहुतेक ज्यू आणि इटालियन, कितीतरी विशीच्या आतल्या.

कुलूप कशाला? तर सुटताना सगळ्यांनी एकाच दाराने जायचं आणि पर्स उघडून दाखवायची. ब्लाउज चोरून नेतात म्हणे. पुढे मालकांवरच्या खटल्यात हॅरिसनेच कबूल केलं की असल्या चोऱ्या २५ डॉलरच्या वर जात नसतील.

आणि दारं आत उघडणारी. न्यूयॉर्कच्या कायद्यात दार बाहेर उघडावं असं होतं, पण ‘शक्य असेल तिथे’. जिना दाराला इतका खेटून बांधला होता की बाहेर उघडणं ‘शक्य’च नव्हतं. हे ‘शक्य असेल तिथे’ मी कारखाने तपासायच्या नोकरीभर वाचलंय. त्या तीन शब्दांतून हत्ती जातो.

पण मुद्दा तो नाही. त्या मुलींना हे ठाऊक होतं, आणि त्या बोलल्याही होत्या. सोळा महिने आधी, २२ नोव्हेंबर १९०९ ला, कूपर युनियन या कॉलेजच्या सभागृहात (तुझ्या लॅबपासून चालत जाता येईल) पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं चालली होती. २३ वर्षांची शिलाई कामगार क्लारा लेमलिच मंचावर चढली आणि यिद्दिशमध्ये, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या बोलीत, म्हणाली, बोलणं पुरे, सगळ्यांनीच संप करायचा. आधीच्या संपात कारखान्याच्या दारावर निदर्शनं करताना भाडोत्री गुंडांनी तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. वीस हजारांच्या वर कामगार बाहेर पडले. पोलीस त्यांनाच उचलत होते, आणि एका न्यायाधीशाने तर सुनावलं की तुम्ही देवाविरुद्ध संप करताय. ट्रँगलच्या मालकांनी पगार थोडा वाढवला, युनियन मानली नाही. उघड्या दारांची आणि आगीच्या जिन्यांची मागणी तशीच राहिली.

आता माझं. तुला कधी सांगितलं नव्हतं. भिवंडीकडे एका शिलाईच्या युनिटची तपासणी करायला गेलो होतो. मागचं दार सताड उघडं. कलम ३८ (आगीपासून बचाव), ठीक आहे, असा शेरा मारला. निघताना धागे कापणारी एक मुलगी, मान वर न करता म्हणाली, “तुम्ही आलात म्हणून उघडलंय, साहेब.” मी ऐकलं. कडीला साखळीचा चकाकता घासटाही दिसला. शेरा बदलायचा तर पुन्हा सगळे कागद करावे लागणार होते, आणि संध्याकाळचे सहा वाजले होते. मी जीपमध्ये बसलो. तिथे काही झालं नाही, हे माझं नशीब.

म्हणून तो खटला वाचताना मला केट ऑल्टरमन सोडत नाही. ही वाचलेली मुलगी डिसेंबर १९११ मध्ये साक्षीला उभी राहिली. दाराशी धडपडणारी मैत्रीण तिने पाहिली होती. मालकांच्या वकिलाने, मॅक्स स्ट्यूअरने, तिला तीच हकिगत पुनःपुन्हा सांगायला लावली. ती जवळजवळ त्याच शब्दांत सांगत गेली, आणि पढवलेली ठरली. दाराला त्या क्षणी कुलूप होतं हे मालकांना माहीत होतं, असं सिद्ध व्हायला हवं होतं. दोघे सुटले. १९१३ मध्ये ब्लँक दुसऱ्या कारखान्यात पुन्हा कुलपावरून सापडला. दंड २० डॉलर.

मग कायदे कसे झाले? टॅमनी हॉल म्हणजे तिथली निवडणुका फिरवणारी यंत्रणा. संपात पोलीस होते ते त्यांचेच. त्याच गोटातले आमदार रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ यांनी चौकशी आयोग चालवला. हृदयपरिवर्तन वगैरे मला फारसं दिसत नाही. कामगारांच्या वस्तीतली मतं समाजवाद्यांकडे वळत होती; १९१४ ला तिथून त्यांचा मेयर लंडन अमेरिकेच्या संसदेवर निवडूनही आला. बायकांना तर १९१७ पर्यंत मतच नव्हतं. पण फ्रान्सिस पर्किन्स मला आवडते. आग तिने रस्त्यावरून डोळ्यांनी पाहिली होती. पुढे आयोगाचं काम करताना तिने या साहेबांना पहाटे कारखान्यांत नेलं, आणि ‘आगीची वाट’ म्हणून दाखवलेल्या भोकातून वॅग्नरना बर्फाळलेल्या शिडीकडे सरपटत जायला लावलं. माझ्या वरिष्ठांना मी असं कधी नेलं नाही.

तुला एक काम सांगतो. नवव्या मजल्यावर जाता येत असेल तर जा. वॉशिंग्टन प्लेसकडच्या बाजूचं जिन्याचं दार ढकलून बघ, कुठल्या बाजूला उघडतं ते कळव. आणि संध्याकाळी सातनंतर पुन्हा एकदा जाऊन बघ.

तुझे
बाबा