ताई, तुमच्या रुमालाला आमचं ग्रीस लागलं

ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पोलिसांच्या वर्दीतल्या माणसाचं नाव असं चारचौघांत घेतलेलं चालतं की नाही मला ठाऊक नाही, आणि माझ्या पत्रावरून तुम्हाला कुणी चार शब्द ऐकवावेत हे मला सोसणार नाही. पण तुमच्या वाचनात आलं तर तुम्ही ओळखाल. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरचा गॅरेजवाला. गिअरबॉक्स खाली उतरवलेला तसाच टाकून पळत आलेला, हात कोपरापर्यंत काळे.

त्याला आता आठ महिने झाले. आभार मानायला बसलो की घसा दाटून येतो आणि कागद तसाच राहतो. आज लिहून टाकतोच.

झालं ते थोडक्यात सांगतो, माझ्यासारखे अजून बरेच आहेत म्हणून. सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. "देवळाली कॅम्पमधून सुभेदार बोलतोय." हिंदीत, अगदी आदबीने. युनिटच्या तीन बोलेरो आहेत, तिन्हींच्या क्लच प्लेट गेल्यात, उद्या पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्र आलं, वर्दीतला फोटो आला. आता देवळालीची फौजी माणसं म्हणजे आमची वीस वर्षांची गिऱ्हाइकं. वडनेरच्या रस्त्याने गाडी घेऊन येतात, शेजारी उभं राहून काम बघतात आणि जाताना पै न पै मोजून देतात. फौजीने माझी उधारी बुडवली असं एकदाही झालेलं नाही. त्या खऱ्या माणसांनी वीस वर्षांत कमावलेली अब्रू या चोराने पाच मिनिटांत वापरून घेतली. पैशांपेक्षा मला त्याचा राग जास्त आहे.

"ॲडव्हान्स आत्ता टाकतो, पण मिलिटरीच्या खात्याची पद्धत वेगळी असते. आधी तुम्ही ५ रुपये पाठवा." पाठवले. लगेच १० रुपये परत आले. त्या १० रुपयांनी घात केला. मग त्याने क्यूआर पाठवला. हा उघडा, १९,२५० टाका, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा. मी गाडीखाली उताणा, फोन छातीवर, स्पीकर चालू. टाकला पिन. "आले नाहीत? सर्व्हर अडकला असेल, पुन्हा एकदा करा, दोन्ही मिळून येतील." पुन्हा टाकला. ३८,५०० रुपये. गाळ्याचं भाडं आणि दोन पोरांचा पगार.

आधी बँकेत धावलो. कोणत्या ते लिहीत नाही. काउंटरवरच्या साहेबांनी काचेपलीकडूनच विचारलं, "पिन कोणी टाकला?" मी म्हटलं, मीच. "मग आम्ही काय करणार? अर्ज लिहून आणा, मॅनेजर उद्या भेटतील." मी काउंटरवर हात टेकवला तर म्हणाले, "हात खाली घ्या, डाग पडतात." ताई, त्यांना फक्त एक नंबर सांगायचा होता, १९३०. ऑनलाइन फसवणूक झाली की सगळ्यात आधी जिथे कळवायचं तो सरकारी नंबर. तो सांगायला किती वेळ लागतो? चोराने पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ढकलायच्या आत ते अडवायचे असतात, हे त्या खुर्चीतल्या माणसाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

बँकेच्या पायरीवर आमच्या पोऱ्याने इंटरनेटवरून कस्टमर केअरचा नंबर काढला. उचलणारा फार गोड बोलला आणि म्हणाला, पैसे परत करतो, आधी हे ॲप मोबाईलमध्ये टाका. पोऱ्याला शंका आली, त्याने फोन कापला. अठरा वर्षांचं पोरगं, पण त्याने त्या दिवशी मला दुसऱ्यांदा बुडण्यापासून वाचवलं. त्याचेही आभार इथेच मानतो.

मग एका चौकीत गेलो. "पेपर वाचत नाही का? रोज येतं त्यात." आणि बाहेरच्या बाकड्यावर तासभर. तिथून उठून तुमच्या ठाण्यात आलो तेव्हा पावणेदोन झाले होते.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "काका, किती वाजता गेले?"

तोवर ज्याने त्याने 'का' विचारलं होतं. का पिन टाकला, का विश्वास ठेवला, का आधी कुणाला विचारलं नाही. किती वाजता, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. आणि त्याच प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं.

तुम्हाला व्यवहाराचा बारा आकडी नंबर हवा होता. माझ्या फोनवर ग्रीसचा थर. अंगठ्याने लॉक उघडत नाही, आमच्या अंगठ्यांच्या रेषा पाने फिरवून फिरवून केव्हाच झिजल्यात. बोट फिरवलं की काळं अजूनच पसरायचं. शर्टाला पुसायला गेलो तर शर्टही तसलाच. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की उठून निघून जावं असं झालं. गेले तर गेले पैसे.

तेवढ्यात तुम्ही खिशातून रुमाल काढलात. पांढरा, इस्त्री केलेला, कोपऱ्यात निळं फूल. मी "नको, नको" म्हणत राहिलो. ग्रीसचा डाग पांढऱ्यावरून निघत नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळतं? तुम्ही काही बोललाच नाहीत. स्क्रीन पुसलीत. कडा पुसल्यात. चार्जरच्या तोंडाशी साचलेला काळा गाळ रुमालाच्या टोकाने काढलात. मग डाग आत जाईल अशी रुमालाची घडी घातलीत आणि पुन्हा आपल्या खिशात ठेवलात. शेजारीच कचऱ्याचा डबा होता, मी बघत होतो.

फोन टेबलावर असा ठेवलात की तुम्हालाही दिसेल आणि मलाही. तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट वाचला. दोन्ही वेळा पैसे 'दिले' असंच लिहून आलेलं, आणि पुढे भलत्याच माणसाचं नाव. सुभेदाराचं नावच नव्हतं तिथे. तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. आकडे चार-चार करून मोठ्याने वाचलेत, मी मागून म्हणत गेलो, शाळेत पाढे म्हणायचो तसे. १९३० ला फोन तुम्हीच लावून दिलात.

पुढचं सगळं मला कळलं असं नाही. दुसरे १९,२५० कुठल्याशा खात्यात अडवले गेले, कोर्टाचा कागद झाला आणि पाच महिन्यांनी ते माझ्या खात्यात परत आले. पहिले निसटले ते निसटलेच. बँकेच्या काचेशीच तो नंबर कळला असता तर, हा विचार अजूनही रात्री उठवतो.

निघताना तुम्ही माझ्या खिशातलं जॉबकार्ड मागितलंत आणि त्याच्या पाठीवर लिहून दिलंत, 'पैसे घ्यायला पिन लागत नाही.' ती ओळ मी पेंटरकडून भिंतीवर लिहून घेतली आहे, टायरच्या रॅकच्या वर, ट्रकच्या मागे असतात तशा पिवळ्या अक्षरांत. गिऱ्हाइकं वाचतात आणि विचारतात. मी सगळं सांगतो, रुमालासकट.

आणि ताई, तुम्हाला कल्पना नसेल, त्या ओळीने फाट्यावरच्या माणसांची तोंडं उघडली. संध्याकाळच्या चहाला शेजारचा डेंटर पहिला बोलला. दरवाजाचं काम करून घेऊन एक गिऱ्हाईक ६,००० चा स्क्रीनशॉट दाखवून गाडी घेऊन गेलं होतं. स्क्रीनशॉट खोटा होता. वर्षभर त्याने हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आता स्पीकर बोलल्याशिवाय आणि खात्यात स्वतः बघितल्याशिवाय तो चावी देत नाही. मग पंक्चरवाला बोलला. त्याच्या टपरीवरच्या क्यूआरवर रात्री कुणीतरी दुसराच क्यूआर चिकटवून गेलं होतं, दिवसभराची कमाई भलतीकडे. आता तो पाटी रात्री आत घेतो आणि सकाळी आधी भावाच्या फोनवरून १ रुपया पाठवून बघतो. बॅटरीवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीचं चलान म्हणून फाईल आली होती. आमच्या धंद्यात चलान म्हटलं की हात आपोआप जातो. त्याने उघडली, फोनमध्ये काहीतरी बसलं आणि त्याचे ओटीपी परस्पर चोराकडे जायला लागले. 'एपीके' लिहिलेलं काहीही आलं तरी हात लावायचा नाही, हे आता आम्ही पोरांना पान्यांच्या नंबरांसारखं पाठ करून घेतलंय. '२,००० ऐवजी चुकून २०,००० आले, वरचे परत करा' असा फोन तर तिघांना येऊन गेला होता. बँकेचा वाटावा असा मेसेज, आणि खात्यात दमडी नाही.

मीही एक गोष्ट बोललो. इंजिन ऑईलचे रिकामे डबे मी इतकी वर्षं तसेच भंगारात देत होतो. त्याच डब्यांत जळकं ऑईल गाळून भरतात आणि नवं म्हणून विकतात. आता डब्याला स्क्रू ड्रायव्हरने दोन भोकं पाडल्याशिवाय तो गाळ्याबाहेर जात नाही. फाट्यावर बाकीच्यांनीही सुरू केलंय. रोज संध्याकाळी ठक् ठक् ऐकू येतं.

या सगळ्यांना पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण तोंड बंद ठेवलं होतं ते लाजेने. चार लोकांत मूर्ख ठरू म्हणून. तुम्ही त्या दिवशी मला मूर्ख ठरवलं असतंत तर मीही गप्पच बसलो असतो आणि डेंटर अजून गप्प असता. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. बाहेरगावच्या गाड्या येतील, कामं येतील, आणि 'कुंभमेळ्याच्या गाड्यांचं कंत्राट देतो, आधी डिपॉझिट भरा' म्हणणारेही येतील. आम्ही आता एकमेकांना विचारल्याशिवाय एक रुपया पुढे सरकवत नाही.

माझ्यात काय फरक पडला तेही सांगतो. इंजिन तापवून गाडी टोचन करून कुणी आणली की मी आधी ओरडायचो, रेडिएटरचं पाणी बघता येत नाही का म्हणून. माणूस रस्त्यात तासभर उभा राहून आलेला असतो, सोबत लेकरं असतात, आणि वर माझं ऐकून घेतो. आता मी विचारतो, काटा कधीपासून वर गेला? काम तेवढंच करावं लागतं, पण माणूस खाली बसतो, श्वास घेतो आणि खरं काय ते सांगतो. त्यानेच अर्धा दोष सापडतो. हे मला माझ्या वस्तादाने शिकवलं नव्हतं.

मध्ये एकदा ठाण्यात येऊन गेलो. तुम्ही बंदोबस्ताला गेला होतात. पेढे तिथल्या हवालदारांकडे ठेवायला धजलो नाही, उगाच कुणाला काही वाटायला नको. तुमच्याकडे गाडी कोणती ते विचारायचंही राहिलं. कुठलीही असो, कामाला माझ्याकडेच आणा. पैसे तुम्ही दिल्याशिवाय राहणार नाही हे मला माहीत आहे, मी घेईनही. पण बोनेट मी स्वतः उघडेन, पोरांना हात लावू देणार नाही.

आमच्या मंडळींनी अर्धा डझन पांढरे रुमाल आणले आहेत. मी सांगितल्याप्रमाणे कोपऱ्यात निळं फूल काढायला घेतलंय. चार झालेत, दोन राहिलेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरीच ठेवलेत, गॅरेजमध्ये आणले नाहीत. सोमवारी सकाळी तुमची ड्युटी असते का?

आपला,
पाथर्डी फाट्यावरचा मिस्त्री