सशाचा डोळा गळतो, दुखणं दातात असतं

संपादक साहेब, नमस्कार.

तुमचं पाळीव प्राण्यांचं सदर मी नेमाने वाचते, पण त्यात कुत्रा आणि मांजर सोडून तिसरं कोणी आलंच तर पोपट येतो. मध्ये एकदा ससा आला तो पण एका ओळीपुरता, एका वाचकाला उत्तर देताना लिहिलं होतं की म्हाताऱ्या सशाचे डोळे पाणावतात, वयामुळे होतं, ओल्या कापसाने पुसत राहा. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितेय कारण मी स्वतः तीन महिने तेच करत बसले होते, पुसत.

आमचा भुऱ्या आठ वर्षांचा. घरातला ससा साधारण ८ ते १२ वर्षं जगतो आणि पाच-सहा वर्षांनंतर म्हातारपण धरतात, म्हणजे भुऱ्या आजोबाच झाला. त्याचा डावा डोळा गळायला लागला, आधी खालचे केस नुसते ओले, मग चिकट, मग नाकाच्या कडेचे केस झडून गुलाबी कातडी दिसायला लागली, आणि मी आपली म्हणतेय वय झालं बिचाऱ्याचं. एक दिवस ते पाणी दुधासारखं पांढरं यायला लागलं तेव्हा घाबरले, आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले ड्रॉप्स पडले होते ते घातले दोन दिवस. हसू नका, उरलेलं औषध कोणाच्या घरी नसतं. पण त्यात स्टेरॉइड होतं हे मला कुठे माहीत. तिसऱ्या दिवशी भुऱ्या डोळाच उघडेना आणि सकाळपासून खाणं बंद, आणि ससा दहा-बारा तास खाल्ला नाही तर त्याचं पोट बंद पडायला लागतं, ती इमर्जन्सी असते, एवढं एक माहीत होतं म्हणून धावलो.

डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळा लाइट मारला तर बुबुळावर हिरवा ठिपका चमकला. कॉर्नियल अल्सर, म्हणजे जखम. जखमेवर स्टेरॉइड घातलं की ती भरत नाही, उलट खोल जाऊ शकते, आणि ससे तर स्टेरॉइडच्या बाबतीत तसेही नाजूक. हे ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. मग त्यांनी डोळा सोडला आणि सशाचं तोंड उघडून आत बघायला लागले! मला वाटलं हे काय भलतंच.

तर गंमत अशी आहे की सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला २-३ मिलिमीटर. वाळलेलं गवत तासन् तास चावलं की ते झिजतात, नाही चावलं तर नुसते खाली लांब होत नाहीत, त्यांची मुळं वर जबड्यात पण घुसायला लागतात. आणि अश्रू डोळ्यातून नाकात नेणारी जी बारीक नळी असते ती नेमकी ह्या मुळांना चिकटून, वाकडीतिकडी होत जाते. माणसाला अश्रू वाहून जायला प्रत्येक डोळ्याला दोन भोकं असतात, सशाला एकच, खालच्या पापणीत. मूळ वाढलं, नळी दाबली गेली, की पाणी गालावर, आणि आत जे साचतं त्यात इन्फेक्शन होऊन ते पांढरं येतं. भुऱ्याच्या एक्स-रेत वरच्या दातांची मुळं वाढलेली स्पष्ट दिसली. त्याच एका भोकातून बारीक नळीने सलाइन सोडलं तर नाकपुडीतून पांढरी घाण बाहेर आली. मी रोज जे पुसत होते ते हेच. गवत मी ठेवायचे हो, पण पेलेट्स, म्हणजे विकतचं दाणेदार खाणं, आणि गाजरं पण वाटेल तेवढी, मग गवत कोण खातंय.

म्हातारपणाचा भाग अजिबात नाही असं नाही. ससा पुढचे पाय ओले करून तोंड धुतो ना, सांधे आखडले की ते जमत नाही आणि डोळ्याखालची घाण तशीच वाळते. डॉक्टर म्हणाले केस झडायचं एक कारण ते पण असणार. पण ते सगळं ससा दाखवत नाही, शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो, आपल्याला वाटतं शांत झालाय हल्ली.

आणि डोळ्यातलं सगळं पांढरं म्हणजे मोतीबिंदू असंही नाही. ई. क्युनिक्युलाय नावाचा एक परजीवी आईच्या पोटातच पिल्लाच्या डोळ्यातल्या भिंगात शिरून बसू शकतो, पुढे कधीतरी भिंग फुटतं आणि आत पांढरी गाठ दिसते, लोक मोतीबिंदू समजून सोडून देतात. एक डोळा पुढे आला तर मागे दाताच्या मुळाचा गळू असू शकतो, सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो त्यामुळे नुसत्या गोळ्यांनी सहसा जात नाही. दोन्ही डोळे पुढे आले तर छातीतली गाठ पण असू शकते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. बाकी पिंजऱ्यात लघवीचा उग्र वास येत असेल तर त्याने पण डोळे चुरचुरतात, ते तरी आपल्या हातात आहे.

दिसेनासं झालेला ससा मात्र चांगला जगतो. वास, कान, मिशा ह्यावर घर पाठ करतो, फक्त सामान हलवायचं नाही आणि हात लावायच्या आधी बोलायचं.

म्हणून विनंती एवढीच की त्या ओळीची दुरुस्ती छापा, आणि सशांचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडून दातांवर एक लेख लिहून घ्या. सगळे जनावरांचे डॉक्टर सशाच्या मागच्या दाढा बघत नाहीत, आमच्या पहिल्या डॉक्टरांनी डोळ्याचं मलम देऊन परत पाठवलं होतं.

भुऱ्याची जखम भरली, डोळा थोडा अजून गळतो, नळी अधूनमधून धुवावी लागते. गाजर बंद केल्यामुळे सध्या तो माझ्याकडे पाठ करून बसतो.

तुमची एक वाचक